खेचराचं काय झालं

साताऱ्यातलं जुनं दगडी कोर्ट आणि त्याच्यासमोरची शहीद सैनिकांच्या स्मारकाची बाग. कामकाज नव्या इमारतीत गेल्यापासून तिथे वकिलांऐवजी पेन्शनवाले दिसतात. आमचे हेही त्यातलेच, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी बागेत जातात.

घरी ते बोलत नाहीत. मी इस्लामपूरहून लग्न होऊन आले तेव्हापासून "हां", "न्हाई" आणि "च्या टाक" एवढ्यावर संसार झाला. माणूसच अबोल, असं मी धरून चालले होते.

एकदा हे चष्मा विसरले म्हणून मी द्यायला गेले, तर हे स्मारकाच्या कट्ट्यावर चक्क हातवारे करून बोलत होते. शेजारी एक बाई. त्याच कोर्टात त्यांनी आयुष्यभर साक्षीदारांचे जबाब टाइप केले होते. यांना त्या 'मेजर' म्हणत होत्या. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, ते सोडा. पण हे त्या हाकेवर असे ताठ बसले होते, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"खेचर घसरलं, मग पुढे, मेजर?"

कुठलं खेचर? मला तर कधी मुंगीसुद्धा सांगितली नव्हती.

यांनी मला पाहिलं आणि तोंड मिटलं.

"सांगा की. थांबलात का?" मी म्हटलं.

"काय न्हाई. घरला चल."

घरी पुन्हा विचारलं, "आवं, त्या खेचराचं काय झालं?"

"मेलं. च्या टाक."

दुसऱ्या दिवशी हे मिलिटरी कॅन्टीनला गेल्यावर मी तडक बाग गाठली. बाई दिसायला माझ्यापेक्षा काही उजव्या नव्हत्या, हे आधी पाहून घेतलं. मग उभ्यानेच खेचराचं विचारलं.

"बसा, वहिनी." त्या सरकल्या. बोलण्यातलं कोर्ट अजून गेलं नव्हतं. "हे खरे आहे की फौजेचे सामान वाहणारे खेचर बर्फावरून दरीत घसरले. हे खरे आहे की मेजरनी लगाम सोडला नाही, साहेब ओरडले तेव्हा सोडला. हे म्हणणे खरे नाही की त्यानंतर ते रडले."

"म्हणजे रडले?"

"उलटतपासणीत खरं नाकारायचं असलं की सगळे असंच उत्तर देतात," त्या हसल्या.

सासूबाई गेल्या तेव्हाही माझ्यासमोर यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ही बाई मला तेव्हा आवडली नाही, आजही आवडत नाही.

मी कट्ट्यावर बसले.

"पहिल्यापासून सांगा," म्हटलं, "आणि काही गाळू नका."