त्यांची सुट्टी, आमची ड्यूटी

सुट्टीवर जाऊन आलेल्या माणसाकडे सांगायला एखादा किस्सा असतो. सुट्टी न मिळालेल्याकडे पोतंभर साठतात! लोणावळ्यात वलवणच्या रस्त्याला मुंबईच्या एका सॉलिसिटर साहेबांचा बंगला होता. तिथं मी अकरा वर्षं स्वयंपाकाला होतो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. अकरा वर्षांत अकरा दिवाळ्या आल्या. त्यातल्या घरी किती झाल्या ते विचारू नका, अजून डोकं तापतं.

आम्ही चौघं होतो. मी, भिकाभाऊ माळी, इब्राहिमभाऊ ड्रायव्हर आणि झाडलोट करणारी यशवदामावशी. चौघांचीही घरं इथंच मावळात. दसरा झाला की चौघांना एकच वेध. या वेळी घरी सगळे जमणार, आपणही जाणार! पण साहेबांच्या गोतावळ्यालाही जमायला नेमकी दिवाळीच लागायची, आणि जागा लागायची ती लोणावळ्याची. हवा चांगली ना!

* * *

एका वर्षी बाईसाहेबांचं पत्र आलं. "यंदा आमचं येणं होत नाही. बंगला बंद करून सगळ्यांनी घरी जावं." मी नाचायचाच काय तो बाकी राहिलो! शिरगावला निरोप धाडला. आईनं लगेच दोन्ही आत्यांना, काकांना सांगावा दिला, "रामा येतोय, समदी या." आठ दिवस मी झोपेतसुद्धा गाडीत बसून होतो.

धनत्रयोदशीच्या सकाळी दाराला कुलूप ठोकलं, पिशवी खांद्याला मारली, आणि बघतो तर फाटकात तारवाला! तार इंग्रजीत. इब्राहिमभाऊनं एकेक अक्षर लावत वाचली. "दुपारच्या गाडीनं येतायत. सतरा माणसं, अन् टायगर."

टायगर म्हणजे त्यांचा कुत्रा.

यशवदामावशीनं माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि कुलूप उघडता उघडता म्हणाली, "टायगरचं पावनं किती येनार, त्ये बी इचारून घ्या तारवाल्याला!"

* * *

इब्राहिमभाऊचं घर तळेगावात. पाच भाऊ, तीन बहिणी, आणि ईदला सगळे एका दस्तरखानावर जेवायला. त्या वर्षी ईद आली नेमकी नाताळच्या सुट्टीत, आणि साहेबांची मंडळी बंगल्यावर.

"बाईसाहेब, ईदची सुट्टी पाहिजे होती."

"कधी आहे तुझी ईद?"

"उद्या चांद दिसला तर परवा. नाही तर तेरवा."

"म्हणजे तुझंच काही नक्की नाही. नक्की झालं की सांग."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला चांद दिसला. इब्राहिमभाऊ गॅरेजमधून धावतच व्हरांड्यात गेला. "बाईसाहेब, नक्की झालं! उद्याच ईद!"

बाईसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, असं आयत्या वेळी सांगतात का? उद्या सगळ्यांना कार्ल्याची लेणी बघायला जायचंय. निदान दोन दिवस आधी सांगायला काय होतं रे तुम्हा लोकांना?"

ईदच्या दिवशी नवा सदरा घालून त्यानं दोन खेपा कार्ल्याला केल्या. संध्याकाळी चहाला आला. मी बशी पुढं केली तसा म्हणाला, "अर्ज लिहून दे मला. चांदाला. यापुढं दोन दिवस आधी निघत जा म्हणावं!"

* * *

साहेब तसे वाईट नव्हते. बोलायला तर फारच गोड. पाडव्याच्या पंगतीला त्यांना भाषण सुचायचं.

"आजकाल माणसं आपल्याच माणसांना विसरत चाललीत! वर्षातून एकदा तरी चुलत, मावस, आते सगळे एका ओळीत जेवायला बसले पाहिजेत. काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी श्रीखंड वाढत होतो. साहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे रामा, तुमच्याकडे दिवाळीला जमतात की नाही सगळे?"

"जमतात की साहेब. एक मी सोडून सगळे."

साहेबांचा चेहरा खरोखर उतरला. चमचा खाली ठेवून हळूच म्हणाले, "अरेरे! का रे? भांडण आहे का घरात?"

* * *

भिकाभाऊची तऱ्हा आणखी वाईट. त्याचं घर वलवणात, बंगल्याच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की अंगण दिसायचं. भाऊबीजेला त्याच्या दोघी बहिणी आल्या होत्या. त्यानं तासाभराची रजा मागितली. बाईसाहेब म्हणाल्या, "आज पाहुण्यांची पोरं बागेत खेळणार, झाडं तुडवतील. तू नसलास तर कसं चालेल?"

भिकाभाऊनं बहिणींना 'अंगणातूनच ओवाळा' असा निरोप धाडला आणि उन्हं उतरायच्या वेळेला टाकीवर चढून उभा राहिला. डोक्याला टोपी, हात जोडलेले. तिकडं अंगणात बहिणी तबक घेऊन उभ्या. वात दिसत नव्हती, नुसता हात गोल फिरताना दिसायचा. मी खालून बघत होतो.

"भिका, टाकीवर काय करतोस?" बाईसाहेबांनी गॅलरीतून विचारलं.

"ओवाळून घेतोय, बाई."

आणि त्या माउलीनं काय करावं? घरात हाक मारली, "अगं, या गं सगळ्या, गंमत बघा!" सगळा गोतावळा गॅलरीत लोटला. कुणी हसलं, कुणी टाळ्या पिटल्या! भिकाभाऊ तसाच उभा राहिला. तिकडचा हात थांबल्यावरच खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलदाण्या रिकाम्या. बागेत शेवंतीचं एक फूल शिल्लक नाही. बाईसाहेब ओरडल्या, "भिका, फुलं कुठं गेली सगळी?"

"म्हायेरपनाला आल्यात न्हवं माझ्या भैनी," भिकाभाऊ शांतपणे म्हणाला. "त्यांच्याबरुबर गेली."

* * *

एकदाच मला सुट्टी मिळाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांचा शेवटची ट्रंक गाडीत चढल्यावर! तळेगावला उतरलो आणि शिरगावची वाट धरली. चालत कसला, पळतच होतो. कोण कोण आलं असेल, कोण कुठं बसलं असेल, सगळं डोळ्यांपुढं.

निम्म्या वाटेवर समोरून माणसं येताना दिसली. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं. जवळ आली तर आमचीच! दोन्ही आत्या, काका, चुलतभाऊ. दिवाळी करून परत निघाले होते.

थोरली आत्या मला बघून मटकन खालीच बसली. "आत्ता येतूस व्हय रं? चार दिस तुजं ताट वाढून ठिवत हुतो आमी!"

बाभळीखाली सगळे बसलो. करंज्या निघाल्या. आत्या माझ्याकडं बघत राहिली, आणि एकदम बोचक्यातनं तेलाची बाटली काढून भर रस्त्यात माझ्या डोक्यावर तेल थापायला लागली.

"आत्या, लोक बघतायत."

"बघू दे! दिवाळीचं त्याल न्हाई डोक्याला, वरीसभर डोकं तापंल तुजं."

जाणारा एक गाडीवान खरंच बैल थांबवून बघायला लागला. आत्या त्याच्यावर खेकसली, "बघतूस काय रं? मानूस दिवाळी करतंय, दिसंना व्हय?"

घरी पोचलो तेव्हा आई एकटीच पाट गोळा करत होती.

* * *

आता यशवदामावशीचं सांगतो. तिची एकुलती एक लेक जुन्नरकडे दिली होती. तीन वर्षांनी ती दिवाळीला येणार, जावई, नातू, विहीण सगळ्यांना घेऊन. मावशीनं श्रावणापासून घरदार तीनदा सारवलं. आणि पाडव्याला बाईसाहेबांनी सांगितलं, "आज घरात अठ्ठावीस माणसं आहेत. आज कसली सुट्टी मागतेस?"

शेवटी लेकच मागच्या फाटकाशी आली. मायलेकी फाटकाच्या अलीकडं-पलीकडं उभ्या. लेकीनं आणलेलं नवं हिरवं लुगडं मावशीनं पोरीच्या हट्टापायी माझ्या कोठीच्या खोलीत नेसलं, नातवाला फाटकावरून उचलून घेतलं, आणि आतून हाक आली म्हणून तशीच झाडू घेऊन पुढल्या अंगणात पळाली.

पुढं पुण्याचा फोटोग्राफर आला होता. सगळ्या कुटुंबाचा ग्रुप फोटो काढायचा होता. पायऱ्यांवर गर्दी, कोण कुठं उभं राहणार यावरून गोंधळ. साहेबांकडचे एका बाजूला, बाईसाहेबांकडचे एका बाजूला, आणि एकमेकांना ओळखणारे थोडेच. फोटोग्राफरनं कोऱ्या लुगड्यातली म्हातारी बघितली, तिच्या हातातला झाडू काढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही सगळ्यात वडील. अशा मध्ये खुर्चीवर बसा."

मावशी बसली. प्रत्येक बाजूला वाटलं, दुसऱ्या बाजूची असेल. बाईसाहेब तर पुढं बघून मान सरळ ठेवण्यात गुंतल्या होत्या. आणि खरं सांगू? इतक्या वर्षांत त्यांनी मावशीचा पदर बघितला होता, पाठ बघितली होती. तोंड कधी बघितलंच नव्हतं!

महिन्याभरानं मोठ्या चौकटीत बसून फोटो आला आणि दिवाणखान्यात लागला. मेच्या सुट्टीत कुणी पाहुण्या बाई आल्या. फोटोपुढं उभ्या राहून त्यांनी एकेकाचं नाव विचारलं, आणि मधल्या खुर्चीवर बोट ठेवलं.

"या कोण हो?"

बाईसाहेबांनी चष्मा लावून बघितलं. "ह्या होय? ह्यांच्याकडच्या कुणीतरी. मावशी लागतात."

यशवदामावशी तिथंच, त्याच भिंतीशी, फडकं घेऊन उभी होती. तिनं फोटोच्या काचेवरची धूळ पुसली आणि म्हणाली,

"व्हय बाई. मावशीच हाय ती."