डबा बायनाबाईंचा, चावी नागपूरला

मोहर्लीच्या बायनाबाईंचं डोकं तापलं की घरातले पाहुणेसुद्धा अंगणात हळू बोलतात. सफारीला येणाऱ्यांना त्या दोन खोल्या भाड्यानं देतात. त्यांच्यासाठीच बाईंनी इंटरनेट घेतलं. मोडेम आणि वायफाय दोन्ही एकाच डब्यात. डबा बाईंच्या भिंतीवर, पण त्याची सेटिंग उघडायचा पासवर्ड नागपूरच्या कंपनीकडे.

कंपनीनं तिथूनच काहीतरी बदललं आणि वायफाय गेलं. पाहुणे कटकट करू लागले. बाईंनी फोन लावला की कंपनीचा माणूस एकच पालुपद लावायचा, "बाई, इथून तुमची लाइन चालू दिसते."

"डब्यापर्यंत येते रे, डब्यातून बाहेर नाई निघत! पासवर्ड दे मले."

"तो गिऱ्हाइकाले देता येत नाई."

आठवडाभर हेच चाललं. शेवटी बाईंनी संतापून डब्याचा प्लगच उपटला. थोड्याच वेळात, कधी नव्हे तो, कंपनीचाच फोन आला.

"बाई, तुमचा डबा बंद दिसून राह्यला. काय झालं?"

"आठवडाभर बोंबलून राह्यली, तं ऐकू नाई आलं. आता डबा मेला, तं लगेच विचारपूस? मंग फोनवर काऊन रडतं? इथी ये, खांदा द्याले!"