सोपानभाऊंची पाटी

लोणीच्या शाळेवर बदली होऊन आलो, तेव्हा शेजारच्या सोपानभाऊंना भेटायला गेलो. त्यांनी हात जोडले, खुंटीवरची पाटी काढली आणि लिहिलं, "बसा गुरुजी. मी मुका न्हाई."

भाऊ बैलगाडा शर्यतीचे निवेदक होते. जत्रांचा हंगाम आला की जुन्नर-आंबेगावच्या घाटांतून, गाडे पळतात त्या चढांवरून, त्यांचाच आवाज. "आली, आली, बारी आली! पावणं, खाली उतरा, बैलं तुमची सोयरी न्हाईत!" गावं वर्षभर आधी सुपारी देऊन जात. हंगामातली त्यांची कमाई ऐकून मला माझ्या पगाराची लाज वाटायची. हंगामभर घरी मात्र घसा राखायला तोंडात ज्येष्ठमध आणि हातात पाटी. मीठ हवं तरी पाटी, भांडण झालं तरी पाटी. ऐन भांडणात त्यांच्या पत्नी सिंधूताई पुसायचं फडकं लपवून ठेवत.

एका पावसाळ्यात, जत्रा नसलेल्या, बोलायच्या दिवसांत, भाऊ म्हणाले, "गुरुजी, घसा शाबूत हाय तवर बारा म्हैने घरी बोलून बघावं म्हनतो. सोडावं का?"

मी शहाणपणा शिकवला. चालता धंदा कोणी सोडतं का? अजून पाच वर्षं काढा! भाऊ दिवाळी उलटली तरी घोळ घालत राहिले. शेवटी हंगामात एकदा माझ्यासमोरच त्यांनी ताईंपुढे पाटी धरली, "समदं सोडून घरी बसू का?"

ताईंनी पाटी पाहिली, मान डोलावली आणि आतून ताकाचा तांब्या आणला. भाऊंचे डोळे भरून आले. सकाळी माझ्याच मोटारसायकलवर बसून ते येडगावपर्यंतच्या सुपाऱ्या परत करून आले.

घरी पोचेपर्यंत बातमी आधीच पोचली होती. "कुनाला इचारून सोडलं?" ताई कडाडल्या. भाऊंनी पुरावा म्हणून न पुसलेली पाटी पुढे केली.

"मला काय दिसतंय त्यावर? दोन वर्सं झाली, डोळ्यांपुढं निसतं धुकं. तुमचं तोंड बघून अंदाजानं देते. काल वाटलं, ताक पायजे."

भर हंगामात भाऊ घरात बोलले, "मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर बोलून घसा घालवला असता तुमी."

भाऊंनी पाटी माझ्या हातात कोंबली. "न्या ही तुमच्या शाळंत!" मी ती शाळेत नेली नाही. तिच्यावरचं पुसायचा मला धीरच झाला नाही.

ताईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि भाऊंचं तोंड सुटलं. चुलीपुढे बसून ओरडायचे, "भाकर तव्यावर पडली, फुगली, फुगली, सिंधूताईंचा पयला नंबर!" ताई पिठाचा हात उगारायच्या. अशी सहा वर्षं गेली.

गेल्या वर्षी भाऊ गेले. तेराव्यानंतर मी कपाटातली पाटी ताईंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, एकेक अक्षर जुळवत वाचलं, 'समदं सोडून घरी बसू का?'

ताईंनी पाटी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "बसा की. मी कवा न्हाई म्हनले व्हते?"