दुसरा हार्लन

आपलं काम गेलं हे व्हर्लिन टॅगर्टला कळलं ते कपडेपटातल्या आयडाबाईंकडून.

१९५७चा ऑगस्ट होता. लॉस एंजेलिसजवळ बरबँकच्या घरी तो अंगणातल्या गवताला पाणी घालत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"मिस्टर टॅगर्ट, तुमचे दोन कोट खांद्यात उसवायला घेतेय. त्याआधी म्हटलं विचारावं, आठवण म्हणून एखादा हवाय का तुम्हाला?"

"उसवताय कशाला? मला नीट बसतात की."

आयडाबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही? नव्या गृहस्थांचे खांदे रुंद आहेत हो."

व्हर्लिन मूळचा कान्ससचा. वडील धान्याच्या कोठारावर मुकादम होते. हा गावच्या रेडिओवर हवामान आणि गुरांचे भाव वाचायचा. युद्धात नौदलात गेला, सुटल्यावर डोरीनशी लग्न करून लॉस एंजेलिसला आला आणि आठ वर्षं मिळेल ती भूमिका करत राहिला. कधी बँकेतला कारकून, कधी तारवाला, कधी पहिल्याच गोळीला आडवा होणारा. मग त्याला टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतला हार्लन बिशप मिळाला. तीन पोरांचा बाप, खिळेमोळ्यांचा दुकानदार. दर मंगळवारी आठ वाजता, सलग दोन वर्षं.

त्याने आपल्या एजंटला, मिल्टनला गाठलं.

"मला तरी कोण सांगतंय?" मिल्टन म्हणाला. "एक म्हणतो, मालिकेचा खर्च उचलणाऱ्या साबणवाल्या कंपनीला तुझा आवाज म्हातारा वाटतो. दुसरा म्हणतो, पोरकट वाटतो."

"मग खरं कोणतं?"

"तुला जे कमी लागेल ते धर."

सप्टेंबरात नवे भाग सुरू झाले. डोरीन म्हणाली, "नको बघूस." पण तो बसलाच. दार उघडून रुंद खांद्यांचा माणूस आत आला. पडद्यावरच्या बायकोने "आलास का, हार्लन?" म्हणत त्याच्यापुढे गाल केला. धाकटी धावत येऊन त्याच्या मांडीवर बसली. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात त्या पोरीला बुटाची नाडी बांधायला व्हर्लिननेच शिकवलं होतं. ती जराही अडखळली नाही. हार्लन आजारी होता, हार्लन परगावी गेला होता, असं काहीतरी कुणीतरी म्हणेल म्हणून व्हर्लिन शेवटपर्यंत वाट बघत राहिला. कुणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी खाटकाने मांस बांधून देताना म्हटलं, "काल फार हसवलंत, साहेब. शिडीवरून पडलात ना, तेव्हा आमची बायको डोळे पुसत होती."

व्हर्लिन 'थँक यू' म्हणून घरी आला.

"अरे, मग सांगायचं ना त्याला," डोरीन म्हणाली.

"काय सांगू? तो मी नव्हतो म्हणून? तो म्हणेल, मग कोण होतं? मला तरी कुठे माहीत आहे?"

आठवड्याभराने आईचं पत्र आलं. तिच्याकडचा टीव्ही त्यानेच घेऊन दिलेला. तिने लिहिलं होतं, "जरा भरलास. शोभतं तुला. केस मात्र काळे करत जाऊ नकोस." त्याने कागद घेतला आणि लिहिलं, "बरं, नाही करणार." मग दर पत्राला असंच उत्तर जाऊ लागलं. ती काय विचारेल ते ठाऊक असावं म्हणून त्याला दर मंगळवारी तो कार्यक्रम बघावा लागे.

१९५९च्या हिवाळ्यात आई बर्फावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं. व्हर्लिन गावी गेला. मंगळवारी आठ वाजता ती पलंगावरून म्हणाली, "आवाज वाढव. तुझं लागेल आता."

तो शेजारी खुर्ची ओढून बसला. आई मनापासून हसत होती. पडद्यावर जेवण सुरू झालं तशी ती म्हणाली, "माणूस बरा आहे रे हा. पण काटा डाव्या हातात धरतो. तू नाही कधी असा धरलास."

"आई, तुला कळलं होतं?"

"मी जन्म दिलाय तुला."

"मग पत्रात ते सगळं..."

"मी लिहायची आणि तू उत्तरं द्यायचास. मला वाटलं, तिकडे एकाच्या जागी दुसरा, अशीच रीत असेल. विचारलं तर तुलाच कमीपणा वाटायचा."

दोन वर्षं नेमकं कोण कुणाचं मन राखत होतं, हे त्याला तिथे बसल्या बसल्या उलगडेना. आईला मात्र पुढचं बघायचं होतं. तिने त्याला गप्प बसवलं.

वसंतात ती काठी घेऊन चालू लागली. व्हर्लिन परतला आणि पुन्हा कारकून, तारवाला, मधूनच न्यायाधीश होत राहिला. १९६१ साली तो कार्यक्रमच बंद पडला. पुढे दोन वर्षांनी, बँकेच्या मॅनेजरच्या भूमिकेसाठी तो एका बाकावर ताटकळत होता, तर शेजारी तेच रुंद खांदे.

"एक विचारू?" व्हर्लिन म्हणाला. "मला का काढलं होतं?"

तो माणूस त्याच्याकडे वळला. "तुम्ही टॅगर्ट? पण तुम्ही तर वारलात म्हणून सांगितलं होतं मला. मी तुमच्या मिसेसना फुलंही पाठवली होती."

घरी आल्यावर व्हर्लिनने डोरीनला विचारलं.

"हो, आली होती एकदा फुलं," ती म्हणाली. "पांढरी, बिनचिठ्ठीची. मला वाटलं, तूच पाठवलीस."