हळदीतला ट्रॉम्बोन

ट्रॉम्बोन चिंचेने घासायचा नसतो. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, आणि आमच्या आईला सांगायची तर कोणाची हिंमतच नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे तिथे कोणी काही विचारलं की मी घाबरून 'हो' म्हणते. बँडमध्ये येतेस? हो. ट्रॉम्बोनला कोणी नाही, वाजवशील? हो. (नळी पुढेमागे सरकवून वाजवायचं हे लांबलचक पितळी वाद्य असतं, ते मला नंतर कळलं.) मिळाला तोही शिकणाऱ्यांसाठीचा, पोचे आलेला, काळवंडलेला. पहिल्याच दिवशी तो घरी आणला आणि दुसऱ्या दिवसापासून फुंकायला लागले. आवाज यायचा तो सर्दी झालेल्या म्हशीसारखा. सर म्हणाले, "शिकाऊ वाद्य आहे, चालायचंच." मला फार बरं वाटलं. म्हणजे दोष वाद्याचा होता!

वेसाव्यातली आमची गल्ली मात्र एवढी समजूतदार नाही. "काय रे, पोरीला कॉलेजात घातली ती पिपाणी वाजवायला?" असं बाबांना होडीवर रोज ऐकावं लागे. शेवटी बाबा भडकले आणि सगळ्यांदेखत सांगून बसले, "थोरल्या पोराच्या हळदीला माझी पोरगी बँडपुढे उभी राहून वाजवणार. तेव्हा या ऐकायला!"

"बाबा, शिकाऊ आहे तो," मी हळूच म्हटलं.

"म्हणजे कमी वाजतो?"

"कमी नाही. वाईट वाजतो."

"मग जोरात फुंक!"

दादाच्या हळदीचा दिवस उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे घरात एकही पितळी भांडं काळं राहिलेलं चालत नाही. मी आंघोळ करून बाहेर आले तर अंगणात आई आणि काकी हंडे-कळश्या घासत बसलेल्या, आणि त्यांच्या मधोमध, दोन भाग सुटे करून ठेवलेला, चिंच-मिठात माखलेला माझा ट्रॉम्बोन!

"आई! हे काय करतेस?"

"घासते. पितळ नाय हे?"

"कॉलेजचं आहे ते!"

"म्हणून काळं ठेवायचं? लोकं काय म्हणतील, नवऱ्याची बहीण कळकट भांडं घेऊन आली!"

"अगं, भांडं नाही ते!"

"तोंड हाय, पोट हाय. भांडंच."

आईने बारीक टोकातून पाणी ओतलं. मोठ्या तोंडातून थेंबसुद्धा आला नाही. "तुंबलाय गो," ती म्हणाली. (मोरीबद्दल बोलताना तिचा हाच सूर असतो.) मग आयुष्यभर मासे साफ केलेला तो हात सरळ ट्रॉम्बोनच्या तोंडात गेला, आणि आतून बाहेर आलं हिरव्या फुलांचं, घट्ट गुंडाळलेलं एक फडकं. तिच्याच जुन्या साडीचं!

"अगं बाई, हे इथे होय!"

ट्रॉम्बोन घरी आला त्याच रात्री, आत झुरळ जाऊ नये म्हणून, आईने फडक्याचा बोळा कोंबला होता. रिकाम्या कळशीत कोंबते तसाच.

"सांगायचं तरी!" मी ओरडले.

"सांगायचं काय त्यात? कळशी भरताना फडकं काढतेस ना? मग हे वाजवताना काढायचं!"

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आणि इतके दिवस मी अर्ध्या साडीतून फुंकत होते!

संध्याकाळी मांडव भरला. बाबा पुढे उभे, छाती काढून. पण हाताच्या मुठी घट्ट वळलेल्या. गावच्या बँडचे म्होरके म्हणजे माझे मधूमामा. त्यांनी मान हलवली. आणि मी सवयीने, साडीच्या पलीकडे पोचायला लागायची तेवढी सगळी ताकद लावून, फुंकर मारली.

आईशप्पथ!

ढोलवाल्यांचे हात थांबले. मासळीवरची मांजरं कुंपणावर गेली. मी इतकी दचकले की नळी हातातून सर्रकन पुढे गेली आणि मामांची टोपी उडून हळदीच्या वाटीत पडली. पण आवाज थांबेना! गोल, भरीव, उबदार. भरती येते आणि किनाऱ्यावरची होडी अलगद उचलली जाते, तसं त्या आवाजाने मला उचललं. हा तोच पोचे आलेला ट्रॉम्बोन? श्वास संपल्यावर मी खरंच त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं. आत कोणीच नव्हतं.

मामा पिवळी टोपी हातात धरून उभे. "पोरी, हा शिकाऊ?"

"हो."

"मग शिकलेला कसा वाजत असेल गो!"

बाबांनी गल्लीतल्या सगळ्यांवरून एकदा सावकाश नजर फिरवली आणि "डोळ्यात हळद गेली" म्हणत मांडवामागे गेले. (हळद अजून लागायची होती.) मग मला येणारं एकमेव गाणं मी वाजवलं. अधूनमधून चुकले, पण लोक नाचत होते.

सुट्टीनंतर कॉलेजात वाजवलं. सर थक्क. "अरे वा! काय सुरेख वाजतोय हा ट्रॉम्बोन!" मग जरा वेळ कान देऊन म्हणाले, "पण तू काय वाजवतेयस?"

आता प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू येतो. चुकलेला तर जास्तच. म्हणून आईचं ते फडकं मी धुऊन, वाळवून, ट्रॉम्बोनच्या पेटीत जपून ठेवलंय. पुढच्या महिन्यात ट्रॉम्बोनची परीक्षा आहे.