रक्तातल्या जंतूंच्या मागावर गोंडाणे मॅडम

डॉ. सुगंधा गोंडाणे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या रागावलेल्या होत्या. नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मी नर्स म्हणून नुकतीच लागले होते. जंतूंची तपासणी करणारे डॉक्टर सहसा प्रयोगशाळेतून वर येत नाहीत, त्यांचा कागद येतो. त्या दिवशी मॅडम स्वतः जिने चढून आल्या. जंतू वाढतात का ते पाहायला घेतलेल्या एका बाळाच्या रक्ताच्या बाटलीत जो जंतू वाढला होता, तो कातडीवर सगळ्यांच्याच असतो. म्हणजे बाळ आजारी नव्हते, रक्त नीट काढले गेले नव्हते. ते कोणी काढले हे विचारण्यात मॅडमना रस नव्हता. सर्वांत नवी मी होते, म्हणून त्यांनी मला समोर बोलावले, स्वतःची बाही वर केली आणि म्हणाल्या, "माझं काढ."

मी त्यांच्या हातावर स्पिरिटचा कापूस फिरवला आणि सुई उचलली.

"थांब. कातडी सुकली का?"

"जवळजवळ."

"जवळजवळ नाही चालत. ओल्या कातडीत सुई घातलीस तर बाहेरचा जंतू बाटलीत जातो, आणि मी खाली बसून धडधाकट बाळाला आजारी ठरवते. मग त्याला नको ती औषधं टोचली जातात. सुकू दे."

आम्ही दोघी त्यांच्या हाताकडे बघत उभ्या राहिलो. तेवढे थांबणेही त्यांना जड जात होते, पाय सारखा हलत होता. पुढे इतकी वर्षे त्यांच्याबरोबर काम केल्यावर कळले, की स्पिरिट सुकण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी थांबणे त्यांना मान्यच नाही.

यंदा मॅडम पंचाहत्तराव्या वर्षात पदार्पण करीत आहेत. त्यांच्या पदव्या, त्यांचे संशोधन, त्यांनी घडवलेले डॉक्टर यांविषयी या गौरवग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. मी एक नर्स. मी जे पाहिले ते सांगते.

निरोगी माणसाच्या रक्तात जंतूंना थारा नसतो. फुप्फुसातला, लघवीच्या मार्गातला, चिघळलेल्या जखमेतला, बाळंतपणातला संसर्ग, किंवा शिरेत ठेवलेली नळी, यांतून ते आत शिरतात. मॅडम आम्हाला शिकवताना म्हणत, "रक्त म्हणजे घराचा जिना. चोर जिन्यात शिरला की कोणत्याही मजल्यावर जाऊ शकतो." म्हणून बाटलीत काही वाढत असल्याचा इशारा यंत्राने दिला की त्या अहवालाची वाट पाहत नसत. लगेच फोन येई. "पूर्ण नाव कळायला वेळ आहे, पण काहीतरी वाढून राहिलं आहे. औषध सुरू केलं ना? बाळ कसं आहे? रंग कसा आहे?" एरवी मॅडम प्रमाण मराठी बोलत. जिवाची घालमेल झाली की घरची नागपुरी त्यांच्या तोंडी येई, आणि त्यांच्या जिवाची घालमेल बहुधा चालूच असे.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला होकार दिला, तो सांगते.

आमच्या विभागात रामटेकजवळच्या गावातल्या प्रमिला नावाच्या मुलीचे बाळ होते. तिचे यजमान रवींद्र तिकडच्याच एका धानाच्या गिरणीत कामाला. बाळ वेळेआधी जन्मलेले, पण वजन धरू लागले होते. एका सकाळी प्रमिला म्हणाली, "सिस्टर, काल चांगलं पित होतं. आज तोंडच लावून नाही राहिलं."

ताप नव्हता. उलट अंग गार लागत होते आणि बाळ सुस्त पडले होते. एवढ्या लहान जिवाच्या रक्तात जंतू शिरले की बरेचदा असेच दिसते. दूध सुटते, अंग गार पडते, श्वास मध्येच थबकतो. डॉक्टरांनी रक्त तपासणीला पाठवले आणि तत्काळ औषध सुरू केले. पण त्याच दोन दिवसांत आणखी दोन बाळे तशीच मलूल झाली.

तिघांचे अहवाल सांगायला मॅडम वर आल्या. रुग्णालयाचे संचालकही आले. ते म्हणाले, "मॅडम, कमी दिवसांची बाळं आहेत. प्रत्येकाचं कारण वेगळं असू शकतं."

"असू शकतं. पण तिघांच्या रक्तात जंतू एकच आहे, आणि तिघांतही तो त्याच औषधांना दाद देत नाही. हे तीन आजार नाहीत, सर. एकच आहे, आणि तो या खोलीत फिरून राहिला आहे."

नवी बाळे घेणे थांबवा, असे त्यांनी सांगितले. संचालकांना ते पटले नाही. मॅडम दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की बाहेर ताटकळत असलेल्या नातेवाइकांना कारण त्या स्वतः सांगतील. त्यानंतर नव्या बाळांसाठी दार बंद झाले.

मग त्यांनी आमचे काम पाहायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी स्टूल ठेवले होते, त्या बसल्या नाहीत. या काचपेटीपासून त्या काचपेटीपर्यंत त्यांची फेरी सुरू होती. कोण कधी हात धुते, बाळाच्या नळीला कोण कुठे हात लावते, सगळे पाहत होत्या. दुपारच्या औषधांच्या वेळी त्या ट्रॉलीपाशी थांबल्या. तिथे सलाइनची एक मोठी बाटली होती. तिच्या बुचात सुई तशीच खोचलेली असे, आणि औषध पातळ करायला, नळी साफ करायला सगळ्या जणी त्या एकाच बाटलीतून सलाइन ओढत.

"ही बाटली कधी उघडली?"

नक्की कोणालाच सांगता आले नाही.

मॅडमनी बेसिन, काचपेट्या, आमचे हात आणि ती बाटली, सगळ्यांचे नमुने नेले. जंतू बाटलीत सापडला. तोच.

एकदा वापरून टाकायच्या सलाइनच्या छोट्या कुप्या भांडारातून येणे कित्येक महिन्यांपासून बंद झाले होते. आम्ही मागत होतो, मिळत नव्हत्या. पण बाटलीची गोष्ट बाहेर येताच त्या पाळीवर असलेल्या ज्योत्स्ना सिस्टरला घरी बसायला सांगण्यात आले. ती माझ्याच वयाची, धास्तावून गेली होती. त्यावर संचालकांनी बैठक बोलावली. तिथे मॅडम बोलल्या तेव्हा मी मागे उभी होते.

"सुई ज्योत्स्नाच्या हातात होती, मान्य. कुप्या काहून नव्हत्या, ते कोण सांगेल? अहवालात मी बाटली लिहीन, कुप्यांचा तुटवडा लिहीन. माणसाचं नाव लिहिणार नाही. हिला काढाल, उद्या दुसरी येईल आणि याच बाटलीत सुई खोचेल. तिच्याकडे दुसरं आहे काय?"

कुप्या आल्या. ज्योत्स्नाही परत आली. राखून ठेवलेले जहाल औषध दिल्यावर दोन बाळे हळूहळू सावरली. प्रमिलाचे बाळ मात्र गेले.

आई-वडिलांशी काय बोलायचे यावर पुन्हा वाद झाला. कमी वजनाचे होते, संसर्ग झाला, एवढे पुरे आहे, असे संचालकांचे म्हणणे. ते खोटेही नव्हते. मॅडम उठून बाहेर गेल्या आणि बाकावर प्रमिलाच्या शेजारी बसल्या. मला म्हणाल्या, "सुनंदा, तूही बस."

त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. बाळाच्या रक्तात जो जंतू गेला तो या विभागातल्या सलाइनच्या बाटलीतून गेला. अशी बाटली वापरायला नको होती.

रवींद्रभाऊ म्हणाले, "हे तुम्ही काहून सांगून राहिले, मॅडम? आमाले कुठं समजलं असतं."

"समजलं नसतं, म्हणूनच सांगते. ही पोरगी जन्मभर स्वतःला विचारत राहील, माझ्या दुधात काही होतं का, मी काही खाल्लं का. हिचं काहीच चुकलं नाही. चूक आमच्याकडे झाली."

प्रमिला तोपर्यंत दगडासारखी बसली होती. ते ऐकून ती मॅडमच्या खांद्यावर कोसळली आणि रडू लागली. रवींद्रभाऊ उठले, जिन्यापर्यंत गेले, परत आले. "मले राग येऊन राहिला आहे," ते म्हणाले. "कोणावर काढू ते समजत नाही."

"राग येणारच," मॅडम म्हणाल्या. "तक्रार करायची असेल तर करा. मी जे तुम्हाला सांगितलं तेच तिथंही सांगीन."

रवींद्रभाऊंनी तक्रार केली. चौकशी झाली. मॅडमनी तिथे शब्दही बदलला नाही. त्यानंतर रुग्णालयाने मॅडमचा करार पुढे चालू ठेवला नाही. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. आपला सूक्ष्मदर्शक काखोटीला मारून त्या निघाल्या तेव्हा ज्योत्स्ना आणि मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. ज्योत्स्ना रडत होती. तिला त्या म्हणाल्या, "रडू नको वं. कुप्या आल्या की नाही रोज पाहात जा. नाही आल्या तर मला फोन कर."

पुढे त्यांनी लकडगंजमध्ये लहानशी प्रयोगशाळा काढली आणि गावोगाव आरोग्यसेविकांना शिकवायला जाऊ लागल्या. मला त्यांनी स्वस्थ बसू दिले नाही. संसर्ग नियंत्रणाचा अभ्यासक्रम करायला लावला, परीक्षेआधी घरी बोलावून शिकवले, जेवू घातले. आज दुसऱ्या एका रुग्णालयात मी तेच काम करते.

त्यांचा माझ्या घरावरही उपकार आहे. एका मे महिन्यात माझी आई अचानक असंबद्ध बोलू लागली. आम्ही मनीषनगरला राहतो. बाहेर ऊन इतके कडक होते, की शेजारपाजारचे सगळेच म्हणाले, ऊन लागले, पन्हे द्या, कांदा ठेवा. भाऊही तेच म्हणत होता. मी कामावर होते. त्याने मला कळवले आणि मी मॅडमना फोन केला.

"ऊन लागलं असेल," त्या म्हणाल्या. "पण लघवी कधी झाली? श्वास जोरात चालू आहे का? हात गार आहेत का?"

भावाला विचारून मी सांगितले. सकाळपासून लघवी नव्हती आणि धाप लागली होती.

"म्हाताऱ्या माणसाला तापच यावा असं नाही. रक्तात संसर्ग गेला असेल. पन्हं राहू दे, गाडी काढायला सांग. आणि ऐक, औषधाच्या आधी तपासणीला रक्त घ्यायला लाव, पण रक्तासाठी औषध अडवून ठेवू देऊ नको."

मी पोहोचण्याआधी मॅडम रुग्णालयात पोहोचल्या होत्या. लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता, रक्तदाब उतरला होता. सलाइन, योग्य औषध, सतत लक्ष, यांवर आई वाचली. ती शुद्धीवर आल्यावर मॅडम तिला म्हणाल्या, "आजी, पाणी पीत जा. आणि जळजळ झाली तर लाजू नका, सुनंदाले सांगा." आई आजही त्यांचे ऐकते, माझे नाही.

आणखी एक. बाळ गेल्यानंतर काही वर्षांनी प्रमिला आणि रवींद्रभाऊ लकडगंजला मॅडमना शोधत आले. त्या दिवशी मी तिथेच होते. प्रमिलाला पुन्हा दिवस गेले होते. मॅडम त्यांना पाहून उभ्याच राहिल्या. रवींद्रभाऊ म्हणाले, "बाळंतपण कुठं करावं, ते विचाराले आलो. दुसऱ्या कोणाचा भरोसा नाही वाटत."

मॅडमनी त्यांना बसवले, चहा दिला, आणि मग कितीतरी वेळ फोन लावत राहिल्या. तिथे पाणी आहे का, कुप्या आहेत का, रात्रपाळीला किती सिस्टर असतात, असे विचारत. समाधान झाले तेव्हाच नाव सांगितले. प्रसूतीच्या दिवशी त्या तिथल्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या. मुलगी झाली, सुखरूप. रवींद्रभाऊंनी ती आधी मॅडमच्या हातात दिली. त्यांनी तिचा रंग पाहिला, श्वास पाहिला, आणि तेव्हा कुठे तिच्याकडे पाहून हसल्या.

हा गौरवग्रंथ निघतो आहे हे कळल्यावर त्यांचा फोन आला. "माझ्याबद्दल लिहून काय होणार? लोकांना सांग, थंडी वाजून ताप आला, धाप लागली, माणूस गुंगीत गेला, लघवी कमी झाली, तर घरी बसू नका. आणि कपाटातल्या उरलेल्या गोळ्या खाऊ नका. अशानं जंतू औषधांना दाद देईनासे होतात. हाताशी असलेली औषधं आपण वाया घालवून राहिलो, सुनंदा. उद्या बाळाला काय देणार?" मी म्हटले, सांगते. त्यांनी लगेच विचारले, "तुझ्या विभागात या महिन्यात किती जणांच्या रक्तात वाढलं?"

मॅडमनी आता विश्रांती घ्यावी, असे त्यांच्या घरच्यांना वाटते. त्यांचे चूक नाही. पण मी त्यांच्यासाठी विश्रांती मागत नाही, कारण ती त्या घेणार नाहीत. त्यांच्या गुडघ्यांनी साथ द्यावी, नजर सूक्ष्मदर्शकावर स्थिर राहावी, पुढची पुष्कळ वर्षे निरोगी जावीत. आणि ज्या काळजीने त्यांना कधी स्वस्थ बसू दिले नाही, ती आम्ही साऱ्या मिळून थोडी तरी कमी केलेली त्यांना त्यांच्या डोळ्यांनी पाहायला मिळावी, एवढेच मागणे आहे.