सावलीला न भिणारे निवटे

बोलता बोलता सर उजवा तळहात हवेत आडवा धरायचे. वर्गात कुणाला डुलकी लागली, की त्याच्या वहीवरही तो हात यायचा. मुलगा दचकला की सर खूश. "सावली कळते. म्हणजे जिवंत आहात."

ही सवय त्यांना निवट्यांमुळे लागली होती. ओहोटीला खाडीच्या चिखलात उड्या मारणारे, डोक्यावर डोळे असलेले हे मासे तुम्हीही पाहिले असतील. वरून सावली पडली की क्षणात बिळात. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सरांनी काचेच्या दोन पेट्यांत चिखल भरून ते पाळले होते.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "एकावरून काही सिद्ध होत नाही." मी बी.एस्सी. झाले तेव्हा वडील लांज्याहून पेढे घेऊन आले. काजूच्या कारखान्यात राबणारा माणूस, सरांपुढे खुर्चीवर बसायलाच तयार होईना. घरातली पहिलीच पदवी, असं सारखं सांगत होते. सरांनी पेढा तोंडात टाकला. "एकावरून काही सिद्ध होत नाही. धाकटीलाही पाठवा." धाकटी आज शिक्षिका आहे.

पुढे मी सरांच्या हाताखालीच काम करू लागले. दोन हजार पाच-सहाचा सुमार. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा तेव्हा फार बोलबाला होता. रंगात, बॅटरीत, औषधात, सगळीकडे त्या येणार म्हणत. सरांना एकच काळजी, की शेवटी हे सगळं खाडीत येणार. एका मित्राने त्यांना त्या नळ्यांची पूड पाठवली. काजळीसारखी काळी आणि इतकी हलकी, की बाटली उघडताच हवेत तरंगत राहायची. कोंदट खोलीत, नाकाला नुसता रुमाल बांधून सर ती पाण्यात कालवायचे. मला आत येऊ देत नसत. माझ्या धांदरटपणामुळे असेल, असं मला वाटायचं.

ते पाणी एका पेटीत गेलं. काही आठवड्यांनी सरांनी दोन्ही पेट्यांवर हात धरून पाहिला. साध्या पाण्याच्या पेटीत चिखल रिकामा झाला. दुसरीतले निवटे बसून राहिले. खात होते, उड्या मारत होते. पण सावली पडली की सगळे मिळून वर, हाताकडे बघायचे. त्या पेटीकडे पाठ करून मला बसवेना.

एका दुपारी तिचं झाकण उघडं राहिलं. कँटीनची मांजर आली आणि पंजाने एकेक निवटा उचलू लागली. तिला घाई करावी लागली नाही. शेजारचा खाल्ला जात असताना उरलेले शांत बघत होते. मी धावले, तर सरांनी मनगट धरलं.

"भूक आहे, ताकद आहे," ते हळू म्हणाले. "फक्त भीती गेलीय."

माणसाच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी ती मांजर पुढे रस्त्याच्या मधोमध बसू लागली. हॉर्न वाजवून दमलेला रिक्षावाला उतरला आणि तिला कडेला ठेवत म्हणाला, "बहिरी झाली काय ही?" मी सरांकडे पाहिलं. त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. पण त्या दिवशी पुडीची बाटली कुलपात गेली, ती कायमची.

निवृत्तीनंतर सर मालगुंडला राहायला गेले. मी भेटायला गेले तेव्हा अंगणात, नारळाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. आपल्याकडे तिथे कोण बसतं? मी माझी खुर्ची ओसरीकडे ओढली, त्यांनाही बोलावलं. ते नुसते हसले. धाकटीची चौकशी चालली असतानाच त्यांच्या पायाशी नारळ आदळला. मी किंचाळून उठले. सरांच्या हातातला चहा हललासुद्धा नाही.

"सर, आवाज आला ना?"

"आला की."

"मग उठला का नाहीत?"

त्यांनी बराच विचार केला. "उठावंसं वाटलं नाही."

मग माझ्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी तळहात स्वतःच्याच डोळ्यांवर आडवा धरला. थोडा वेळ तसाच ठेवला. "एकावरून..." ते म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही.

पुढच्या वर्षी ते गेले. खाडीकाठच्या खडकावर बसले होते आणि भरतीचं पाणी चढत होतं. लोकांनी काठावरून हाका मारल्या, तेव्हा त्यांनी ओळखीचा हात वर केला म्हणे.

अजूनही खाडीवर गेले की मी चिखलावर तळहात धरते. निवटे पटापट बिळात जातात आणि मला बरं वाटतं. कधी एखादा तसाच बसून वर बघत राहतो. तेव्हा सरांचं वाक्य मी मोठ्याने म्हणते, आणि पूर्ण म्हणते.